साधन आणि संकेत : लढतीच्या व्हिडिओ खेळांतील आर्केड स्टिक व गेमपॅड

१

लढतीचे व्हिडिओ खेळ खेळणाऱ्यांमध्ये एक वाद पुष्कळ वर्षे चालत आलेला आहे. हे खेळ आर्केड स्टिकवर, म्हणजे दांडा व मोठी बटणे बसविलेल्या पेटीवर, खेळावेत की दोन्ही हातांत धरावयाच्या गेमपॅडवर, हा तो वाद होय. या वादातील भाषा लक्षपूर्वक पाहिली तर ती बहुधा उपकरणांच्या तुलनेची नसून योग्यायोग्यतेची असल्याचे आढळते. स्टिक हे जाणत्या खेळाडूचे साधन आणि गेमपॅड हे घरगुती, नवशिक्याचे साधन, असा एका पक्षाचा सूर असतो. तर स्टिक हा केवळ गतकाळाचा मोह आहे, असे दुसरा पक्ष म्हणतो.

भाषेच्या अभ्यासकाला हा सूर अपरिचित नाही. शुद्ध उच्चार कोणाचा आणि अशुद्ध कोणाचा, या विषयावर आपल्याकडे जी चर्चा झाली तिच्यातही असाच सूर लागत असे. तेथे झालेली मूळ चूक येथेही होत आहे, असे मला वाटते. ती चूक म्हणजे साधन आणि संकेत यांची गल्लत. हात जे हलवितो ते साधन. खेळाला जे पोचते तो संकेत. या दोहोंचा संबंध कसा आहे हे नीट पाहिल्याशिवाय कोणते साधन निवडावे या प्रश्नाला अर्थपूर्ण उत्तर देता येणार नाही. प्रस्तुत लेखात तो संबंध तपासून निवडीची कसोटी कोणती असावी हे सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

२

प्रथम इतिहास थोडक्यात पाहू. १९९१ साली कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ आर्केड यंत्रावर आला. नाणे टाकून खेळावयाच्या त्या यंत्रावर डाव्या हाताला आठ दिशांना कलणारा दांडा व उजव्या हाताला सहा बटणे होती. तीन बटणे ठोशांची आणि तीन लाथांची. प्रत्येकी हलके, मध्यम व जड असा क्रम. या मांडणीवरच खेळाचे व्याकरण घडले. र्‍यू या पात्राचा ‘हादोकेन’ हा प्रहार करावयाचा तर दांडा खाली, मग खाली-पुढे, मग पुढे असा फिरवून ठोशाचे बटण दाबावयाचे. ‘शोर्युकेन’साठी क्रम पुढे, खाली, खाली-पुढे असा.

गेमपॅडचा वंश निराळा आहे. १९८२ साली निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी ‘डाँकी काँग’ या हातात मावणाऱ्या खेळयंत्रासाठी अधिक-चिन्हाच्या आकाराचे सपाट दिशाबटण योजिले. पुढच्याच वर्षी ते फॅमिकॉमच्या पॅडवर आले आणि डी-पॅड या नावाने सर्वत्र रूढ झाले. म्हणजे डी-पॅडचा जन्म चपट्या यंत्राच्या सोयीतून झाला. लढतीच्या खेळांचा विचार त्यात नव्हता. १९९२ साली ‘स्ट्रीट फायटर २’ सुपर निन्टेन्डोवर आला तेव्हा त्या पॅडवर समोर चार आणि खांद्याशी दोन अशी नेमकी सहा बटणे असल्याने त्याचे निभावले. सेगाच्या यंत्राच्या पॅडवर मात्र तीनच बटणे होती. त्यामुळे १९९३ साली सेगाने सहा बटणांचा नवा पॅड काढला. एका खेळाच्या संकेतव्यवस्थेने साधनाला आपल्याप्रमाणे वळावयास लावल्याचे हे ठळक उदाहरण होय.

आपल्याकडे नव्वदीच्या दशकात मुंबई-पुण्याच्या व्हिडिओ गेम पार्लरांतून ज्यांनी हे खेळ खेळले त्यांचा हात प्रथम दांड्यावर पडला. ज्यांनी घरी टीव्ही गेमवर, किंवा पुढे प्लेस्टेशनवर ‘टेकन ३’ खेळला त्यांचा अंगठा प्रथम डी-पॅडवर पडला. पुढे दोघेही आपापले साधनच स्वाभाविक मानू लागले. मातृभाषेच्या बाबतीत याहून वेगळे काही घडत नाही.

३

या खेळांतील हालचाली लिहून दाखविण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतील भेद आपल्या विषयाच्या मुळाशी नेणारा आहे. इंग्रजी भाषक खेळाडू हादोकेनच्या हालचालीला ‘पुढचे पाव वर्तुळ’ या अर्थाचे नाव देतात. जपानी पद्धत आकड्यांची आहे. संगणकाच्या कळफलकावरील अंकांचा चौकोन डोळ्यांपुढे आणावा : मध्ये ५ म्हणजे दांडा मोकळा, ६ म्हणजे पुढे, ४ म्हणजे मागे, २ म्हणजे खाली, ३ म्हणजे खाली-पुढे. पात्र उजवीकडे तोंड करून उभे आहे असे धरले की हादोकेन म्हणजे २३६ आणि शोर्युकेन म्हणजे ६२३.

पहिली पद्धत उच्चारण सांगते, दुसरी वर्ण सांगते. ‘पाव वर्तुळ’ हे मनगटाचे वर्णन आहे. ते दांड्यावरच खरे आहे. डी-पॅडवर अंगठा वर्तुळ काढीत नाही, तो एका कडेवरून दुसऱ्या कडेवर कलतो. उलट २३६ हा आकडा मनगटाविषयी किंवा अंगठ्याविषयी काहीच बोलत नाही. कोणत्या दिशा, कोणत्या क्रमाने, एवढेच तो सांगतो, आणि खेळालाही नेमके तेवढेच कळते. ‘क’ हा वर्ण कोणत्या माणसाच्या जिभेने कसा उच्चारला याच्याशी शब्दाच्या अर्थाला कर्तव्य नसते. तो ‘ख’पासून वेगळा ऐकू आला की पुरे. खेळाची स्थिती तीच आहे.

मग साधनाचा संकेताशी संबंधच नाही काय? आहे, आणि तो ऐतिहासिक आहे. हात शक्य तितका कमी उचलून भरभर लिहिण्याच्या गरजेतून मोडी अक्षरांना त्यांची वळणे लाभली. आज कोणी मोडी संगणकावर उमटविली तरी ती वळणे राहतातच. हाताची घाई निघून गेली तरी तिची खूण अक्षरात उरते. २३६ या क्रमात दांडा असाच मुरलेला आहे. दिशा एकमेकींना लागून आहेत, कारण दांडा एका दिशेकडून दुसरीकडे सरकताना मधली दिशा ओलांडतोच. जे साधन हा क्रम घडवून गेले त्याच्यावर तो सोपा वाटावा यात नवल नाही.

४

येथे एका तांत्रिक गोष्टीकडे लक्ष दिले पाहिजे. आर्केड स्टिकचा दांडा सलग फिरत असला तरी त्याच्या बुडाशी चारच स्विच असतात : वर, खाली, डावा, उजवा. तिरपी दिशा नावाचा पाचवा स्विच नाही. दांडा खालून पुढे सरकत असताना खालचा स्विच अजून दाबलेला आणि पुढचा नुकताच दाबला गेलेला, अशी जी स्थिती येते तिलाच खेळ ‘खाली-पुढे’ म्हणून नोंदवितो.

स्वनविज्ञानात या घटनेला सहउच्चारण म्हणता येईल. ‘अंक’, ‘अंत’, ‘अंब’ या तीन शब्दांतील अनुस्वार तीन ठिकाणी उच्चारला जातो. पण बोलणारा तो निराळा उच्चारण्याचे ठरवीत नाही. पुढच्या व्यंजनाकडे निघालेली जीभ वा ओठ ते आपोआप घडवितात. दांड्यावर ३ ही दिशा अशीच घडते. खेळणारा २कडून ६कडे जातो. ३ त्याला वाटेत मिळते.

गेमपॅडवर तीच दिशा अंगठ्याच्या पेराखाली डी-पॅडच्या दोन बाहू एकाच वेळी दबल्याने घडते. प्लेस्टेशनच्या पॅडवर हे बाहू वरून चार सुटे तुकडे दिसतात. त्यामुळे काहींना तेथे अंगठा सरकविणे जड जाते आणि काहींना दिशा वेगळ्या कळणे सोपे जाते. ज्यावर दांडा नाहीच, चारही दिशा सुट्या बटणांवर आहेत, अशा लीव्हरविरहित पेटीवर तिरपी दिशा मुद्दाम घडवावी लागते : पहिले बोट उचलण्याच्या आत दुसरे टेकवावे लागते.

यातून प्रत्येक साधनाच्या चुका ठरतात. दांड्यावरील नेहमीची चूक अतिरेकाची असते. मनगट गरजेपेक्षा पुढे जाते आणि २३६च्या जागी वर-पुढे ही दिशाही नोंदली जाऊन पात्र उडी मारते. डी-पॅडवरील नेहमीची चूक लोपाची असते. अंगठा उडी घेतो, ३ गळते आणि २६ एवढेच उरते. लीव्हरविरहित पेटीवर बोटांचा मेळ चुकून ५ मध्येच घुसते. वर्णागम आणि वर्णलोप या संज्ञा व्याकरणाच्या विद्यार्थ्याला येथे जशाच्या तशा वापरता येतील.

साधनागणिक चुकांचे हे निराळे स्वरूप उपकरणांच्या गुणदोषांच्या नेहमीच्या याद्यांत क्वचितच आढळते. किंमत, टिकाऊपणा, बटणाचा आवाज यांची चर्चा तेथे विस्ताराने होते. निवडीच्या दृष्टीने मात्र खरी माहिती चुकांत आहे.

५

‘लढतीचे खेळ’ हा शब्दप्रयोग सोयीचा असला तरी त्यात अनेक निरनिराळी व्याकरणे एकत्र आलेली आहेत, हेही विसरून चालणार नाही. ‘स्ट्रीट फायटर’मधील झांगिफ या पात्राच्या मुख्य पकडीसाठी दिशांचे पूर्ण वर्तुळ मागितले जाते. ‘वर’ नोंदली जाताच उडी सुरू होण्याचा धोका असल्याने ते झटकन पुरे करावे लागते. येथे दांड्याची बाजू निःसंशय बळकट आहे. अंगठ्याने वारंवार वर्तुळे काढल्याने अंगठ्याला फोड येण्याचा अनुभवही जुना आहे.

‘टेकन’ या खेळात याच्या उलट प्रकार दिसतो. त्यातील मिशिमा कुळातील पात्रांच्या एका प्रसिद्ध प्रहारासाठी पुढे, मोकळे, खाली, खाली-पुढे, म्हणजे ६५२३ असा क्रम लागतो. यातील ५ हा आकडा महत्त्वाचा आहे. काहीही न करणे हीदेखील येथे एक खूण आहे. शून्य प्रत्ययाला व्याकरणात जशी जागा असते तशी तिला क्रमात जागा आहे. आता दांडा मोकळा होण्यासाठी मध्यबिंदूपर्यंत परत यावा लागतो. अंगठा नुसता सैल सोडला की काम होते. कोरियातील खेळाडूंनी ही अडचण दांडा न सोडता दूर केली. तेथील दांड्यात स्प्रिंगऐवजी रबराचे ताठ कडे असते आणि ते दांड्याला जोराने मध्यावर आणते. मागे सरकण्याची जी वेगवान युक्ती जगभर ‘कोरियन’ या विशेषणाने ओळखली जाते तिच्यातही मागे आणि खाली-मागे या दिशांचा असाच द्रुत खेळ असतो. जपानी दांडा आणि कोरियन दांडा यांना एकाच ‘स्टिक’ या नावाखाली कोंबणे म्हणूनच फारसे उपयोगाचे नाही. सान्वा कंपनीच्या प्रचलित जपानी दांड्याच्या तळाशी चौकोनी चौकट असते व तिचे कोपरे तिरप्या दिशा दाखवितात. कोरियन दांड्याला अशा कोपऱ्यांचा आधार नसतो.

तिसरे व्याकरण १९९२च्या अमेरिकन ‘मॉर्टल कॉम्बॅट’चे. त्यातील स्कॉर्पियनचा भाला मागे, मागे आणि ठोसा अशा सुट्या टिचक्यांनी निघतो. ज्या व्याकरणात दिशा एकमेकींत मिसळत नाहीत तेथे दांड्याच्या सलगतेचा लाभ मिळत नाही, आणि डी-पॅडला काही उणे पडत नाही.

बटणांचा विचारही खेळागणिकच करावा लागतो. आर्केड स्टिकवर उजव्या हाताची सगळी बोटे मोकळी असतात. एका जोडीतील दोन बटणे क्षणाच्या अंतराने दाबणे, तीन बटणे एकदम दाबणे, हे तेथे सहज होते. गेमपॅडवर उजवा अंगठा चार बटणे सांभाळतो व उरलेल्या बटणांसाठी तर्जनीला खांद्याकडे जावे लागते. सहा बटणांच्या खेळात ही ओढाताण जाणवते. दोन हात व दोन पाय अशा चार बटणांवर चालणाऱ्या ‘टेकन’मध्ये ती जवळजवळ नाहीशी होते.

६

येथवर खेळ हा केवळ ऐकणारा आहे असे धरले. वस्तुतः तो ऐकून समजून घेणारा आहे, आणि किती सैल उच्चार समजून घ्यावयाचा हे त्याचे कर्ते ठरवितात. या खेळांत काळाचे माप सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद, एवढे सूक्ष्म असते. इतक्या सूक्ष्म मापाने काटेकोर ऐकावयाचे म्हटले तर बहुतेक बोलणे निरर्थक ठरेल. म्हणून खेळात सवलती असतात. २००८ साली जपानमध्ये आर्केडवर आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ४’मध्ये शोर्युकेनसाठी ६२३च्या जागी ३२३ हा क्रमही मान्य झाला. सवलतीची किंमतही असते. पुढे चालत असलेल्या खेळाडूने हादोकेन केला की ६२३६ असा क्रम तयार होतो. त्यात ६२३ दडलेला असल्याने कित्येकदा शोर्युकेनच निघतो. पदच्छेद कोठे करावा हा प्रश्न यंत्रालाही सुटत नाही.

२०२३ साली आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’ने याच्या पुढचे पाऊल टाकले. त्यातील ‘मॉडर्न’ या नियंत्रणपद्धतीत विशेष प्रहार एक दिशा आणि एक बटण यांनी निघतो. अशा रीतीने केलेल्या प्रहाराचा मारा सुमारे वीस टक्क्यांनी कमी धरला जातो. ही लघुलिपी आहे, आणि तिच्यावर कर बसविलेला आहे. जुन्या खेळाडूंनी तिच्याविरुद्ध तक्रार केली. पण पाव वर्तुळाचा क्रम हा खेळाचा आशय नसून त्याचे एक लेखन होते, हे या पद्धतीने प्रत्यक्ष दाखवून दिले. अंतर ओळखणे, प्रतिपक्षाचा हेतू हेरणे, योग्य क्षण साधणे हे सारे त्या लेखनाच्या पलीकडे शिल्लक राहतेच.

७

मग कोणतेही साधन चालेल काय? माझे उत्तर होकारार्थी आहे, परंतु त्याला एक मर्यादा आहे. साधनांतील जो भेद उच्चारणापुरता राहतो तो क्षम्य आहे. जो भेद वर्णमालाच बदलतो त्याचा निवाडा करावा लागतो.

लीव्हरविरहित पेटीने असा प्रश्न उभा केला. दांडा एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे असू शकत नाही. डी-पॅडही सामान्यतः मधल्या टेकूवर झुलणारा असल्याने समोरासमोरच्या बाजू एकदम दबत नाहीत. सुट्या बटणांवर मात्र मागे आणि पुढे एकाच वेळी दाबता येतात. गाइल या पात्राचा ‘सॉनिक बूम’ मागे काही काळ धरून मग पुढे नेल्याने निघतो. आता मागचे बटण न सोडताच पुढचे दाबले आणि नंतर दाबलेले बटण ग्राह्य धरण्याची योजना पेटीत असली, तर प्रहार होताच मागे धरणे पुन्हा सुरू होते. हाताला परतीचा प्रवास उरतच नाही. दांड्याला हे कोणत्याही कौशल्याने साधणारे नाही. म्हणून विरुद्ध दिशा एकदम आल्यास काय मानावयाचे हे स्पर्धांच्या नियमांना सांगावे लागले. २०१९ साली डायगो उमेहारा या विख्यात जपानी खेळाडूने वापरावयास घेतलेली एक लीव्हरविरहित पेटी कॅपकॉमने आपल्या स्पर्धामालिकेत अग्राह्य ठरविली. तिचा तपशील येथे महत्त्वाचा नाही. नियम कोठे असावा आणि कोठे नसावा हे त्यातून दिसते, एवढे पुरे. यंत्रातून काय बाहेर पडते यावर नियम असावा. ते कोणत्या बोटाने घडले यावर नसावा.

कोणत्या अवयवाने घडले यावरही नसावा. अमेरिकेतील मायकेल बेगम हे ‘ब्रॉलीलेग्ज’ या नावाने प्रसिद्ध असलेले खेळाडू जन्मतःच सांध्यांच्या विकाराने ग्रस्त होते. हात वापरणे शक्य नसल्याने ते गेमपॅड तोंडाने व चेहऱ्याने चालवीत, आणि ‘स्ट्रीट फायटर ४’मध्ये चुन-ली या पात्राच्या आघाडीच्या खेळाडूंत त्यांची गणना होई. २०२४ साली त्यांचे निधन झाले. ‘योग्य’ साधनाचा आग्रह त्यांच्या बाबतीत धरला असता तर एक श्रेष्ठ खेळाडू खेळाबाहेरच राहिला असता. त्यांच्या ओठांनी काढलेला २३६ आणि मनगटाने काढलेला २३६ यांत खेळाने कधीच भेद केला नाही. भेद करतात ती माणसे.

स्टिकची प्रतिष्ठा निराधार आहे असे मी म्हणत नाही. आर्केडमध्ये अनोळखी प्रतिस्पर्ध्याशेजारी उभे राहून जी परंपरा घडली तिची ती खूण आहे. पण प्रतिष्ठा आणि गुणवत्ता या निराळ्या वस्तू आहेत. २००९ साली ‘स्ट्रीट फायटर ४’बरोबर मॅड कॅट्झ कंपनीने सान्वाचे भाग बसविलेली जी महाग स्टिक विक्रीस काढली तिच्या नावातच ‘टूर्नामेंट’ हा शब्द घातलेला होता. प्रतिष्ठा अशी नावातूनही विकली जाते. २०१४ साली अमेरिकेतील ईव्हो या सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धेत ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’चे विजेतेपद फ्रान्सच्या ‘लुफी’ने मिळविले, आणि त्याच्या हातात पहिल्या प्लेस्टेशनचा जुना पॅड होता. या एका निकालाने गेमपॅड श्रेष्ठ ठरत नाही. तो अपुरा नाही एवढे मात्र ठरते.

८

निवडीची कसोटी आता सांगता येईल. खेळणाऱ्याने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिला, आपण निवडलेल्या खेळाचे व्याकरण सलग वर्तुळांचे आहे, टिचक्यांचे आहे, की ५ या शून्याचे? दुसरा, आपल्या हाताची मातृभाषा कोणती? आणि तिसरा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा की, कोणत्या साधनावर घडलेली आपली चूक आपल्याला स्वतःला ओळखता येते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्याचे कारण नाही. या खेळांच्या सरावविभागात खेळाडूने दिलेल्या दिशा व बटणे पडद्याच्या कडेला क्रमाने उमटत असतात. ही नोंद म्हणजे खेळाडूच्या उच्चाराचे ध्वनिमुद्रणच होय. एकच प्रहार शंभर वेळा करावा, जेथे तो फसला तेथे कोणता आकडा गळला वा कोणता शिरला हे लिहून ठेवावे, आणि असे दोन्ही साधनांवर करून पाहावे. जेथे चुका एकाच जातीच्या आहेत तेथे त्या सरावाने जातील. जेथे त्या दर वेळी निराळ्या आहेत तेथे हाताला अजून साधनाची ओळख पटलेली नाही. ज्याच्याजवळ चांगला गेमपॅड आहे त्याने ही नोंद पाहण्यापूर्वी स्टिकसाठी पैसे मोजू नयेत. झांगिफसारखे पात्र किंवा सहा बटणांचा खेळ ज्याला मनापासून खेळावयाचा आहे आणि ज्याच्या नोंदीत ३ सतत गळताना दिसते, त्याने मात्र स्टिकचा खर्च व नव्याने शिकण्याचे कष्ट जरूर पत्करावेत. ‘टेकन’ किंवा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ खेळणाऱ्याला हे कष्ट बहुधा अनावश्यक आहेत.

भाषेच्या प्रांतात बोलीला अशुद्ध म्हणण्याची सवय मोडावयास पुष्कळ काळ लागला, आणि ती अजून पुरती मोडलेली नाही. येथील परंपरा अवघ्या काही दशकांची आहे. प्रत्येक साधनाला स्वतःचा उच्चार आहे, संकेत सर्वांचा एक आहे, आणि निवाडा करावयाचा तो संकेताचा, एवढे या परंपरेने वेळीच ओळखले तर स्टिक की गेमपॅड हा प्रश्न मानापमानाचा न राहता हाताच्या सोयीचा राहील. त्याची योग्य जागाही तीच आहे.